चौतीस लिटरची टाकी

जबाब देणारीचे नाव व ओळखपत्राचा क्रमांक सोबतच्या कागदावर. वय ३७ वर्षे. धंदा मोटारसायकलींसाठी रॅक, गार्ड, सामानाच्या पेट्या व पेट्रोलच्या टाक्या बनवणे. राहणार जुन्या काच कारखान्यामागे, वर घर, खाली वर्कशॉप. जबाब मंगळवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी लिहायला घेतला.

विचारल्यावरून समक्ष सांगते की, वरील पत्त्यावर मी, माझी आई व माझे वडील असे तिघं राहतो. वडिलांचं वय ६८. इस्पितळाच्या रुग्णवाहिकेवर ते एकतीस वर्षं ड्रायव्हर होते. आठ वर्षांपूर्वी निवृत्त झाले. आज सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांच्या सुमारास ते आपली मोटारसायकल घेऊन बाहेर पडले, ते अजून परत आलेले नाहीत. कुणावर संशय नाही. घरात भांडण झालेलं नाही. हे आपण तिसऱ्यांदा विचारलंत म्हणून तिसऱ्यांदा सांगते.

वडिलांचा मोबाइल घरी चार्जिंगला लावलेला आहे. पाकीट व वाहन परवाना रोजच्या काळ्या जाकिटाच्या खिशात आहेत आणि ते जाकीट खुंटीवर आहे. त्याच खिशात आईने घराचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी घालून ठेवली होती. ती चिठ्ठी तिथे असल्याचं मला आज सकाळी नऊ वाजता कळलं. वडिलांच्या अंगावर सध्या नोकरीतला फिकट निळा शर्ट आहे. तो आठ वर्षं ट्रंकेत होता. त्याला इस्त्री केलेली होती, ती कुणी व कधी केली हे मला माहीत नाही.

वाहनाचं वर्णन. बाराशे सीसी, दोन सिलिंडर, लांबच्या प्रवासाची आणि कच्च्या रस्त्यांवर चालणारी उंच मोटारसायकल, रंग राखाडी. नोंदणी क्रमांक सोबतच्या कागदावर दिला आहे. निवृत्त झाल्यावर लोक बाग करतात, वडिलांनी ही आणली. आईने दारात बघितली आणि म्हणाली, "ही म्हैस बांधणार कुठे?" तेव्हापासून घरात गाडीचं नाव म्हैस. रांगेत उभ्या असलेल्या शंभर गाड्यांत मी ती पाठमोरी ओळखेन, कारण तिच्यावरचं निम्मं लोखंड माझ्या हातचं आहे.

गाडीत केलेले बदल मी क्रमाने सांगते. जबाब लिहून घेणारे साहेब म्हणाले की एवढ्या तपशिलाची गरज नाही. मला आहे, कारण आज सकाळपासून मी तेच मोजत बसले आहे.

पहिली दोन वर्षं वडिलांनी जे करून घेतलं ते सगळेच करून घेतात. सीटचा फोम कापून उंची कमी केली, कारण त्यांचे पाय टेकत नव्हते. बाजूच्या स्टँडला खाली रुंद पट्टी जोडली, म्हणजे मऊ मातीत स्टँड रुतत नाही. इंजिनाला गार्ड केला, मागे दोन पेट्या केल्या. आईला टेकायला पाठीमागे एक उशी बसवली. रविवारी सकाळी दोघं निघायची आणि दुपारच्या जेवणाला परत यायची. मी गिऱ्हाइकांना त्यांचं उदाहरण द्यायचे. लग्नाला चाळीस वर्षं झाली तरी माणसं एका सीटवर गुण्यागोविंदाने बसतात, असं म्हणायचे.

गेल्या दीड वर्षातले बदल वेगळे आहेत. ते वेगळे आहेत हे मला दिसायला हवं होतं. माझा धंदाच गाडीकडे बघून तिचा मालक कसा आहे ते ओळखण्याचा आहे.

गेल्या वर्षी त्यांनी किल्ली गाडीलाच बांधून मागितली. मी बारीक वायररोपने ती हँडलला कायमची जोडून दिली. त्या वेळी मी म्हटलं, "बाबा, चोराचं काम सोपं केलंत." ते म्हणाले, "चोराला ती स्टँडवरून उचलता आली तर घेऊन जाऊ दे बापड्याला." आम्ही दोघं हसलो. मला वाटलं, किल्ली शोधायचा कंटाळा.

त्यानंतर त्यांनी हँडलच्या मधोमध एक पितळी पट्टी लावून घेतली. तिच्यावर अक्षरांचे ठसे ठोकून मी पाच शब्द उमटवले. पेट्रोल. किल्ली. स्टँड. हेल्मेट. कुठे. ते म्हणाले, रुग्णवाहिकेतही अशी यादी असायची, निघण्याआधी वाचायची सवय बरी. पाचवा शब्द त्या यादीत कसा, हे मी विचारलं नाही. त्याच्या खाली त्यांना घराचा पत्ता हवा होता. मी नाही म्हटलं. पट्टीवर जागा होती, पण अक्षरं दाटीवाटीने बसली असती आणि काम बेंगरूळ दिसलं असतं. शिवाय तोवर गाडीच्या नव्या टाकीचं काम हातात घेतलेलं होतं आणि तिच्यावर माझ्या वर्कशॉपचा शिक्का व फोन नंबर येणारच होता. मी त्यांना तसं सांगितलं. ते "बरं" म्हणाले. त्यांनी जरा हट्ट धरला असता तर मी केलं असतं.

नवी टाकी. मूळ टाकी वीस लिटरची होती. दोन महिन्यांपूर्वी वडील म्हणाले, "मोठी करून दे. पंपावर थांबायचा वैताग येतो." मी अॅल्युमिनियमच्या पत्र्याची चौतीस लिटरची टाकी केली. आत तीन पडदे घातले, म्हणजे वळणावर पेट्रोल हिंदकळत नाही. आजवर केलेल्या टाक्यांमधली ही सगळ्यात चांगली आहे. हे मी अभिमानाने सांगत होते, काल संध्याकाळपर्यंत.

या गाडीचं माप एका लिटरला अठरा किलोमीटर आहे. म्हणजे पूर्ण भरलेल्या टाकीवर ती सहाशे बारा किलोमीटर जाते. वडिलांजवळ पाकीट नाही, त्यामुळे ते वाटेत पेट्रोल भरू शकणार नाहीत. पण तेवढं अंतर होईपर्यंत त्यांना पंपावर जायची गरजही पडणार नाही.

टाकी भरलेली का होती, असं आपण विचारलंत. टाकी गळत नाही ना हे बघायची माझी पद्धत अशी आहे. आधी हवा भरून साबणाच्या पाण्याने सांधे तपासते. मग टाकी गाडीवर बसवून काठोकाठ पेट्रोल भरते आणि खाली कोरा पुठ्ठा टाकून गाडी एक रात्र तशीच ठेवते. सकाळी पुठ्ठ्यावर एक जरी डाग असला तरी टाकी उतरवून पुन्हा वेल्डिंगला घेते. पुठ्ठा कोरडा निघाला तरच टाकीवर शिक्का आणि नंबर ठोकते. त्याआधी कधीच नाही. माझ्या वर्कशॉपचा हा नियम सगळ्या गिऱ्हाइकांना ठाऊक आहे आणि मी वडिलांसाठीही तो मोडला नाही. काल संध्याकाळी साडेसहाला मी टाकी भरली आणि पुठ्ठा टाकून वर गेले. शिक्का आज सकाळी मारायचा होता. म्हणजे त्या टाकीवर आज कुणाचं नाव नाही, नंबर नाही, काही नाही.

आज सकाळचा घटनाक्रम. आई अंघोळीला गेली होती. मी झोपले होते. शटर वर गेल्याचा आवाज मला आला होता. वडील रोज सकाळी खाली जाऊन शटर उघडतात, त्यामुळे मी कूस बदलली. मग इंजिन सुरू झालं. अर्धवट झोपेत मी ते ऐकलं आणि माझ्या मनात आलं की नव्या टाकीवरही इंजिन एकसारखं चालतंय. एवढं बरं वाटून मी पुन्हा झोपले.

समोरचा इस्त्रीवाला तेव्हा दुकान झाडत होता. त्याने मला सांगितलं ते असं. वडिलांनी हेल्मेट घातलं, हँडलवरच्या पट्टीवर बोट ठेवून एकेक शब्द वाचला, स्टँड वर घेतला. इस्त्रीवाल्याने विचारलं, "काका, आज मंगळवारी कुठे?" वडील म्हणाले, "पेशंट थांबलाय." इस्त्रीवाल्याला वाटलं, कुणी ओळखीचं आजारी असेल. त्याने हात केला. त्याचा काही दोष नाही, हे मी त्याला सांगितलं आहे, तरी तो सकाळपासून आमच्या पायरीवर बसून आहे.

सात वाजता आईने मला उठवलं. आधी आम्हाला वाटलं, येतील फेरी मारून. साडेसातला मी स्कूटर काढली आणि आसपासचे रस्ते बघत फिरले. साडेआठच्या सुमारास मी आमच्या नेहमीच्या पेट्रोल पंपावर पोचले. तिथल्या पेट्रोल भरणाऱ्या बाईंनी सांगितलं, आज काका आले नाहीत. मग त्या म्हणाल्या, "ताई, वाईट वाटून घेऊ नका. मागे दोनदा पेट्रोल भरून झाल्यावर काका विचारत होते, ‘मी कुठल्या बाजूने आलो?’ मी हाताने दाखवलं तर म्हणाले, मस्करी करत होतो." मी त्यांना विचारलं की हे कधीचं. त्या म्हणाल्या, दोन-अडीच महिने झाले असतील. टाकी मोठी कर असं वडील म्हणाले, तेव्हाचंच ते. मी पंपाच्या कट्ट्यावर बसले. किती वेळ बसले ते सांगता येणार नाही, म्हणून जबाबात लिहू नये.

नऊ वाजता घरी येऊन मी आईला विचारलं. तिने बटणांचा डबा काढून माझ्यापुढे ठेवला. बटणांखाली गोळ्यांची पाकिटं होती आणि डॉक्टरांचा कागद होता. कागदावरची तारीख सव्वा वर्षापूर्वीची आहे. कागदाची प्रत या जबाबाला जोडत आहे. आमच्यात झालेलं बोलणं साहेबांनी विचारलं म्हणून सांगते.

मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?"

आई म्हणाली, "तू गाडी काढून घेतली असतीस."

मी म्हटलं, "हो, घेतली असती."

"म्हणूनच नाही सांगितलं. घरात ते चहात साखर घातली की नाही ते विसरतात. परवा मला विचारलं, तुमच्या मुलीचं लग्न झालं का. गाडीवर बसले की अगदी पूर्वीसारखे असतात गं. गाडी चालू आहे तोवर सगळं येतं त्यांना. थांबली की जातं. आठवड्यातले ते चार तासच माझ्या वाट्याला राहिले होते."

त्यावर मला राग आला. मी आईला बोलायला नको ते बोलले. ते मी इथे लिहून देत नाही.

आईने पुढे सांगितलं की, रविवारच्या फेरीत मागे बसून तीच रस्ता दाखवायची. उजव्या खांद्यावर थाप म्हणजे उजवीकडे, डाव्या खांद्यावर थाप म्हणजे डावीकडे, पाठीवर हात फिरवला म्हणजे सरळ. दोघांचं हे कधी ठरलं नव्हतं, आपोआप जमत गेलं. मी कित्येकदा दारात उभी राहून ते बघितलं आहे आणि हसले आहे, की या वयात काय हे लाड. गेले तीन आठवडे आईचा गुडघा सुजला आहे. तिला पाय टाकून गाडीवर चढता येत नाही. त्यामुळे तीन रविवार दोघं गेली नाहीत. वडील तीनही रविवारी गाडी पुसून आत ठेवत होते.

गाडीत ठिकाण सांगणारं यंत्र का नव्हतं, असं आपण विचारलंत. माझ्या वर्कशॉपच्या खणात तशी चार यंत्रं पडून आहेत. गिऱ्हाइकांच्या गाड्यांना मीच बसवून देते. बापावर पाळत ठेवणं मला बरं वाटलं नाही. याहून वेगळं उत्तर माझ्याकडे नाही.

सकाळी दहा वाजता माझी चार गिऱ्हाइकं, सगळी मोठ्या गाड्यांवर फिरणारी, गावाबाहेरच्या चार रस्त्यांवर गेली. त्यांतला एक, ज्याला सगळे दाढी म्हणतात, पूर्वेच्या रस्त्याने गेला. मोठ्या पुलावरच्या टोलनाक्यावर त्याने विनंती करून कॅमेरा बघितला. सकाळी सात वाजून बावन्न मिनिटांनी वडील पूल ओलांडताना दिसतात. दुचाकीला तिथे पावती फाडत नाहीत, त्यामुळे त्यांना कुणी थांबवलं नाही. दाढीने ते चित्र माझ्या फोनवर पाठवलं आणि ते मी आपल्याला दाखवलं. हेल्मेटचा पट्टा बांधलेला आहे, दिवा लावलेला आहे, रांग बदलताना इंडिकेटर दिलेला आहे, पाठ ताठ आहे. चित्र बघून साहेब म्हणाले, "इतकी नीट गाडी चालवणारा माणूस हरवला, असं मी पुढच्या ठाण्याला कसं कळवू? ते मला वेड्यात काढतील." साहेब बरोबर म्हणाले. मीच नाक्यावर असते तर मीही त्यांना जाऊ दिलं असतं, वर कौतुकाने टाकीकडे बघितलं असतं.

पूल घरापासून चोपन्न किलोमीटर आहे. वडिलांना तिथे पोचायला एक तास बारा मिनिटं लागली. म्हणजे ताशी पंचेचाळीसचा वेग. रुग्णवाहिका चालवतानाही ते याच वेगाने चालवायचे, पेशंटला हिसका बसू नये म्हणून. या हिशोबाने हा जबाब सुरू झाला तेव्हा टाकी साधारण निम्मी झाली होती. पुलानंतर रस्त्याला तीन फाटे आहेत आणि प्रत्येक फाट्याला पुढे आणखी फाटे आहेत. दाढी पहिल्या फाट्याने गेला आहे, बाकीचे तिघं आता तिकडे वळले आहेत. त्यांच्या टाक्या वीस लिटरच्या आहेत, त्यांना वाटेत पेट्रोलसाठी थांबावं लागतं.

वाटेत ते पाणी प्यायला किंवा लघवीला थांबले तर काय, हे मला मोजता येत नाही. नोकरीत असताना ते पेशंट पोचवेपर्यंत खाली उतरत नसत. मी लहान असताना एकदा त्यांना विचारलं होतं, बाबा, तुम्हाला भूक लागत नाही का. ते म्हणाले होते, पेशंट गाडीत असला की नाही लागत. आता मागच्या सीटवर कुणी नाही, हे त्यांच्या लक्षात आलं आहे की नाही ते मला माहीत नाही.

आपण मला विचारलंत की मला पोलिसांकडून नेमकं काय हवं आहे. मी सकाळपासून त्याचा विचार करते आहे. त्यांना कुणीतरी थांबवावं, असं मला वाटतं. पण अनोळखी माणसाने हात करून थांबवलं, इंजिन बंद झालं आणि ते खाली उतरले, तर त्या क्षणी ते कुठे असतील ते त्यांना सांगता येणार नाही, आणि घाबरतील. मी त्यांना घाबरलेलं कधी बघितलेलं नाही. थांबवलं नाही तर पेट्रोल आहे तोवर ते ठीक आहेत. संध्याकाळी सव्वाआठच्या सुमारास पेट्रोल संपेल. तोवर अंधार पडलेला असेल. गाडी कुठल्यातरी रस्त्याच्या कडेला बंद पडेल आणि ते पट्टीवरचे पाच शब्द वाचतील. माझी विनंती एवढीच की थांबवणाऱ्याने इंजिन बंद करू देऊ नये आणि आधी मला फोन लावून त्यांच्या कानाला द्यावा. हे बिनतारी संदेशात लिहिता येत नाही असं साहेब म्हणाले. तरी मी ते इथे लिहून घ्यायला लावलं आहे.

एक गोष्ट सांगायची राहिली. ठाण्यात येण्याआधी मी वर्कशॉपमध्ये गेले होते. गाडी रात्रभर उभी होती तिथे पुठ्ठा अजून पडलेला होता. मी तो उचलून दाराशी नेला, उजेडात धरला, दोन्ही बाजूंनी बघितला, नाकाला लावला. एक थेंब दिसला असता तर टाकी कुठेतरी जवळपास रिकामी झाली असती, आणि ते पन्नास-साठ किलोमीटरवर कुणाला तरी सापडले असते. चौदा वर्षं मी या धंद्यात आहे आणि माझं एखादं काम कच्चं निघावं अशी मी आज पहिल्यांदा इच्छा केली. पुठ्ठा कोरडा होता.

जबाब दोन वाजून पन्नास मिनिटांनी पूर्ण झाला. आता टाकीत अंदाजे साडेतेरा लिटर आहे. साहेबांनी जबाब मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितलं तसाच तो लिहिलेला आहे. फक्त शेवटी साहेबांनी मला धीर द्यायला स्वतःच्या मनाने "ते कुठेतरी चहाला थांबले असावेत" असं एक वाक्य घातलं होतं. ते मी खोडायला लावलं आणि खोडलेल्या जागी सही केली आहे. ते थांबलेले नाहीत. त्यांना कुठे थांबावं लागू नये, म्हणूनच मी ती टाकी केली होती.